एकच तांब्या पाणी

नवसाच्या कंदुरीच्या पंगतीत वाढपी मटणाचं पातेलं घेऊन समोर आला की सोजरकाकू ताटावर आडवा हात धरायची आणि विचारायची, "कुणाचा व्हता?"

वाढप्याला वाटायचं, बोकड कुठून आणला ते विचारतेय. तो कौतुकानं सांगायचा, "जिंतूरच्या बाजारातला हाय काकू. एकदम कवळा."

"कवळा असू दे. व्हता कुणाचा?"

"बाजाराचा म्हणलं ना."

"म्हंजे कुणाचाच न्हाई. हो पुढं."

मग ती मीठ, कांदा आणि भाकरी एवढ्यावर जेवायची. शेजारच्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या, लय नखरे हैत म्हणायच्या. काकूला ते ऐकू जायचं. ती बुक्कीनं कांदा फोडायची, जरा जास्तच जोरात.

सोजरकाकू मांस खायची. आवडीनं खायची, हाडं फोडून खायची. पण तिच्या दावणीला वाढलेलं, तिनं नाव ठेवलेलं जनावर असेल तरच. माणसं ओळखीचं जनावर खायला कचरतात आणि अनोळखी खुशाल खातात. हिचं उलटं होतं. मी तिला एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "ज्याला मी चारा घातला न्हाई, त्याला खायचा मला काय हक?"

आमचं घर तिच्या घरासमोर, येलदरीच्या रस्त्याला लागून. मधे फक्त एक बोळ. माझे वडील शाळामास्तर आणि सगळ्या चळवळींचे कार्यकर्ते. आमच्याकडे देवघराच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच, त्यामुळे पूर्णविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह कळलं. परभणीला कॉलेजात गेल्यावर मी मांस सोडलं, तेही एका पत्रकामुळे. काकूनं माझं नावच ‘पत्रक’ ठेवलं. मी सुट्टीला आले की बोळातून हाक यायची, "आलं का गं पत्रक? काय बंद करायचं ठरलं औंदा?"

उंच, हाडकुळी बाई. हनुवटीवर गोंदण, पदर कायम कमरेला खोचलेला. नवरा लवकर गेला, रान थोडं, त्यात कापूस आणि सोयाबीन, आणि घर चालायचं शेळ्यांवर. शेळ्यांशी ती दिवसभर भांडायची. त्यांची नावं ठेवायची पद्धत तिची स्वतःची होती. पिल्लू जन्मल्यावर पंधरा दिवस ती त्याचा स्वभाव बघायची, मग बारसं. एक होती नर्सबाई, कारण ती बाकीच्यांना हुंगत फिरायची. एक बिडीओ, कारण तो कुणी हाक मारली तरी मान वळवायचा नाही. आणि एक बोकड होता कंडक्टर. जुळ्यातला अशक्त, आईनं टाकलेला. काकूनं त्याला चुलीजवळ पोत्यात ठेवून वाढवला होता. मोठा झाल्यावर तो दारात आडवा उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत तोंड घातल्याशिवाय आत सोडायचा नाही.

तिच्या घरी बोकड कापायचा असला की सकाळी इसाकभाई मुलाणी यायचे. काकू आदल्या दिवशी कुणाशी फार बोलायची नाही. सकाळी बोकडाला बाभळीच्या शेंगा घालायची, त्या त्यांना फार आवडतात. मग स्वतः बसायची आणि त्याची मान मांडीवर घ्यायची. सुरी फिरेपर्यंत त्याच्याशी नावानं बोलत राहायची. मी एकदा नाकाला ओढणी लावून दारातून हे बघितलं.

"काकू, लेकरासारखं वाढवलंस त्याला, आणि आता कापतेस?"

"लेकरासारखं कोण म्हणलं? बोकडासारखं वाढवलं. लेकरू लेकरू हाय, बोकड बोकड हाय."

"मग ती माया खोटी?"

"खोटी असती तर मी कशाला धरलं असतं? दुसऱ्यानं धरला असता तर भेला असता तो." हात धुता धुता ती म्हणाली, "तू जा आता घरी. तुला वास सोसना झालाय."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. न भिता मेलेला जीवही मेलेलाच असतो. हे मी तिला तोंडावर सांगितलंय, आणि तिनं ते ऐकून घेतलंय. पण एका गोष्टीत मी तिच्या बाजूची होते. आमच्याकडे देवीला बोकड देतात तेव्हा आधी त्याच्या अंगावर पाणी टाकतात. बोकडानं अंग झाडलं की म्हणायचं, ‘देवीनं घेतला.’ म्हणजे देवी राजी, बोकडही राजी, मग सुरी. काकू घरी कापताना पाणी कधीच टाकायची नाही. इसाकभाईंनी कधी काही विचारलं नाही, पण तिच्या मुलानं, दिगूनं, एकदा विचारलं होतं.

"मी त्याला इचारत न्हाई," ती म्हणाली होती. "मी कापते. माझ्या नावावर कापते. इचारायचं आन त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायचं, ही लबाडी मला जमत न्हाई."

एकदा मी तिला कोंडीत पकडलं. "काकू, शेळ्यांना नावं ठेवतेस. कोंबड्यांना का नाही?"

"त्यांची तोंडं सारखीच दिसतेत."

"तुला सारखी दिसतात म्हणून त्यांना कापायला मोकळी?"

ती दाणे टाकून निघून गेली. आठवड्याभरानं बोळ ओलांडून आली, चौकटीला टेकून उभी राहिली. "तुझं ते कोंबडीचं बराबर हाय. आपुन कोंबडी सोडली."

"आणि अंडी?"

"अंड्याला काय नाव ठिवू गं भवाने?"

दिगूच्या बायकोला, सुरेखाला, दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला. परभणीच्या दवाखान्यात लेकराला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीबाहेर उभं राहून सुरेखानं गावच्या देवीला नवस बोलला: लेकरू हातात दे, घरचा बोकड देते. लेकरू हातात आलं, घरी आलं, बाळसं धरलं. नाव ठेवलं शिवा. काकूनं घराच्या आढ्याला झोळी बांधली आणि येता-जाता तिला झोका द्यायला लागली. चैत्रातली जत्रा जवळ आली तशी नवसाची गोष्ट निघाली. सुरेखा ‘घरचा’ बोलली होती, म्हणून बाजारातला चालणार नव्हता. घरी मोठा बोकड एकच होता, कंडक्टर.

मला वाटलं काकू अडेल. ती म्हणाली, "द्यायचा. खायसाठीच पाळलाय, आन नातवापायी द्यायचाय. त्यात काय?"

पण भगत, म्हणजे देवीचा पुजारी, जत्रेचं बोलायला घरी आला तेव्हा तिनं त्याला दारातच विचारलं, "पाणी टाकून इचारणार का?"

"रिवाज हाय, काकू."

"मंग एकच तांब्या."

भगत हसला. "एकातच झाडतंय. थंडगार पाणी असतंय हिरीचं."

"कबूल?"

"कबूल. त्यात काय एवढं?"

कंडक्टरनं तोवर त्याच्या पिशवीतलं खोबरं काढून खाल्लं होतं.

जत्रेच्या दिवशी माळावरच्या देवळापुढं हलगी वाजत होती. मी वडिलांबरोबर बळीविरोधी पत्रकं वाटायला गेले होते. लोक ती घेत होते, घडी घालून खिशात ठेवत होते आणि रांगेत उभे राहत होते. एकेका बोकडावर पाणी पडायचं, तो अंग झाडायचा, गलका व्हायचा. जो झाडायचा नाही त्याच्यावर आणखी एक तांब्या. तरी नाही तर कानात धार. कानात पाणी गेल्यावर कुठलं जनावर डोकं झाडणार नाही?

काकूची पाळी आली. सुरेखा लेकराला छातीशी धरून उभी, दिगू नवा शर्ट घालून. कंडक्टरच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. भगतानं डोक्यापासून शेपटीपर्यंत तांब्या रिकामा केला.

कंडक्टर उभाच. नाकावरून ओघळणारं पाणी त्यानं जिभेनं चाटलं. मग मान लांब करून भगताच्या कमरेची पिशवी हुंगली.

लोक हसले. हलगी थांबली. भगतानं दुसरा तांब्या भरला आणि कानाकडे नेला. काकूनं त्या कानावर पंजा ठेवला.

"काकू, हात काढा."

"एक म्हणला व्हतास."

"अवो, कधीमधी दोन लागतेत."

"दोन लागतेत, तीन लागतेत, मंग कानात वततेत. तुझ्या कानात वतू का? बघू तू झाडतो का न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "वत काकू, वत!" दिगूचा चेहरा पडला. तो जवळ आला, दातांतून बोलला, "माय, लोकं बघायलेत."

"बघू दे. म्या कवा न्हाई म्हणलं? म्या बोकड आणला, माळ घातली. देवीला इचारलं का न्हाई? इचारलं. तिनं घेतला का?"

भगत तांब्यात बघायला लागला.

"सांगा की. घेतला का?"

"पाणी कमी पडलं असंल," भगत म्हणाला.

"देवीला कमी पडत न्हाई. तिनं घेतला न्हाई. मंग तुमी घेणारे कोण?"

बाजूला पोत्यावर बसलेले इसाकभाई उठले. फडक्यात गुंडाळलेली सुरी त्यांनी पिशवीत ठेवली. "वैनी, मंग म्या जाऊ?"

"जावा भाऊ. चहा पिऊन जावा."

तिनं कंडक्टरचं दावं धरलं आणि माळावरून खाली चालायला लागली. वाटेत त्यानं गळ्यातली माळ अर्धी खाल्ली. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा तसाच होता. आमच्या पत्रकांनी त्या माळावर एकही सुरी थांबवली नव्हती. ज्या बाईला बोकड खायचाच होता, तिनं एक थांबवली होती.

संध्याकाळपर्यंत गावात ठरलं की देवीचा कोप होणार. देवीसमोर उभा केलेला बोकड माघारी आणला, आता दुसरा चालणार नाही, तोच द्यावा लागेल. काहींनी पसरवलं की काकूनं त्याला मुद्दाम पाण्याची सवय लावली होती. सुरेखा घाबरली. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला आणि तिला लेकरासकट सेलूला माहेरी घेऊन गेला. जाताना ती उंबऱ्यातून म्हणाली, "आत्या, त्यो बोकड घरात हाय तवर माझं लेकरू या घरात येनार न्हाई."

दिगू आईशी बोलायचा बंद झाला. बोलला तो एकदाच, माझ्या देखत.

"माय, तुला नातू पायजे का बोकड?"

"दोनी पायजे."

"दोनी भेटत न्हाईत."

"मंग थांबते."

एवढंच. ती झोळी आढ्यावरून सोडायला तयार नव्हती. रिकाम्या झोळीलाही येता-जाता हात लावायची.

मी तिला समजावलं की अंग झाडणं म्हणजे कातडीची साधी हालचाल. अंगावर गार पाणी पडलं, माशी बसली की ती होते. त्यात देवी नाही आणि होकारही नाही. माझा हेतू तिचं मन हलकं करायचा होता. कोप-बिप काही होत नाही, हे मला तिला सांगायचं होतं.

ती विचार करून म्हणाली, "असंल. मंग आजवर झाडले त्यांचाबी हो न्हवताच म्हण की."

"नव्हताच."

"बघ की." आणि ती शेण भरायला निघून गेली.

तिला ते कोडं सोडवायचं नव्हतं. तिचा मुद्दा त्याहून सरळ होता. तुम्ही विचारलंत, आता उत्तर पाळा. उत्तर पाळायचं नसेल तर विचारू नका. माझ्या ओळखीच्या किती माणसांना हे जमतं? मी शहरांत राहिले. तिथं दारावर ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी लावून जात विचारणारे घरमालक बघितले. कुत्र्याला वाढदिवसाची टोपी घालून त्याच्याच शेजारी ताटातल्या कोंबडीचे फोटो टाकणारे मित्र बघितले. दोघांनाही प्राण्यांवर प्रेम आहे असं ते शपथेवर सांगतात. त्या प्रेमासाठी आयुष्यातली एकही गोष्ट पणाला लावायला मात्र त्यांची तयारी नसते. काकूनं नातू पणाला लावला होता.

ज्येष्ठात ती एकदा सेलूला गेली. लेकरासाठी घरचं तूप घेऊन एसटीनं गेली. सुरेखाच्या आईनं चहा दिला, तूप ठेवून घेतलं. सुरेखा लेकराला घेऊन आतल्या दारात उभी राहिली.

"बोकड हाय का आजून?" आईनं विचारलं.

"हाय."

लेकरू कुणी तिच्या हातात दिलं नाही. ती परतीच्या गाडीनं आली. मला म्हणाली, "दात आलेत दोन. खालचे."

मी तिच्यावर पत्रक काढायचं ठरवलं. मजकूर लिहून वाचून दाखवला: ‘बळीप्रथेला नकार देणारी रणरागिणी!’ तिनं तिथंच थांबवलं.

"म्या कुठं नकार दिला? नकार त्यानं दिला. आन बळी म्या बंद केला असं लिवू नको. खोटं हाय ते. पोळ्याची कर आली की बघशीलच."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिनं तोवर मोठा झालेला बिडीओ कापला. तशाच शेंगा, तशीच मांडीवर मान. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. मग राहवलं नाही, बोळ ओलांडून गेले.

"एकाला वाचवलंस, दुसऱ्याला खाल्लंस. फरक काय राहिला?"

"त्याला इचारलं व्हतं. याला इचारलं न्हाई."

"मग यालाही विचार ना! सगळ्यांना विचार!"

"सगळ्यांना इचारलं तर खायाला काय भेटंल?"

"डाळ."

ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुझंच बराबर असंल पोरी. माझं आजून तितवर आलं न्हाई. आलं की सांगते."

माझं माझ्या ठिकाणी पक्कं आहे. मी मांस खात नाही आणि खाणार नाही, आणि चैत्रात माळावर पुन्हा पत्रकं वाटणार आहे. पण आता पत्रकात ‘अज्ञानी भक्त’ असा शब्द मी लिहीत नाही. वडिलांनी कारण विचारलं. मी म्हणाले, त्या माळावर दिलेला शब्द पाळला तो एका भक्तानंच.

दिवाळी झाली आणि उसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. दिगूनं आणि सुरेखानं मागच्या हंगामात बाळंतपणामुळे नागा केला होता, यंदा जाणं भाग होतं. सकाळी ट्रॅक्टर येऊन बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. ट्रॉलीत भांडी, पाल ठोकायचं सामान, सरपण. दिगू बांधाबांध करत होता, आईकडे न बघता. सुरेखा सेलूहून थेट थळावर, म्हणजे तोडीच्या मुक्कामावर, येणार, असं आम्हाला माहीत होतं.

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. सुरेखा उतरली. कडेवर शिवा, डोक्याला लाल टोपडं.

ती सरळ दारापर्यंत आली. दारात नेहमीसारखा कंडक्टर आडवा उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग काकूकडं.

"आत्या, नवस माझा व्हता. यांचा न्हवता, गावाचा न्हवता."

"व्हय."

"घरचा देते म्हणलं व्हतं. आणून उभा केला. तिनं न्हाई म्हणलं, समद्यांदेखत. म्या सेलूला बसून लय इचार केला. भगत म्हनतो तिला पायजे. ती म्हनली नको. म्या कुणाचं ऐकू?"

दिगूचा हात दोरीवर थांबला. "सुरेखे, अगं लेकराला काय झालं तर?"

"सात म्हैने काय झालं? चालायलाय ते." ती पुन्हा काकूकडं वळली. "थळावर लय गारठा असतो आत्या. याला तुमच्यापाशी ठिवते."

काकूनं हात पुढे केले. शिवा अनोळखी बाईकडे बघून रडायला लागला. तिनं त्याला खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थापटत आत-बाहेर फिरायला लागली. दिगू शेवटी आला, आईच्या पाया पडला आणि ट्रॉलीत चढला. सुरेखा वळून वळून बघत होती.

ट्रॅक्टर जिंतूरच्या दिशेनं गेला. मलाही परभणीची गाडी धरायची होती. पिशवी घेऊन बोळातून निघाले तेव्हा काकू दारात उभी होती, लेकरू कडेवर. रडं थांबलं होतं. ते हात लांब करून कंडक्टरचं शिंग धरायला बघत होतं, आणि कंडक्टर मान वर करून त्याच्या टोपड्याची लाल नाडी चघळत होता. काकूनं त्याच्या थोबाडावर एक सणसणीत चापट दिली.

"सोड! सोड म्हणते ना! कापीन बघ तुला!"

कंडक्टरनं नाडी सोडली नाही.